नाव मोठं की मास्तर मोठा?



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघीतिघींनी मेल पाठवून "बऱ्या आहात ना?" असं विचारलं, त्यांचे आभार. बरी आहे. दिवाळी आटोपून ऑक्टोबरच्या अखेरीस न्यू जर्सीला मुलाकडे आले, आणि आल्या दिवसापासून या घरात एकच विषय चालू आहे, तो म्हणजे नातीचं कॉलेज. त्या विषयात घरात माझं कुणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहायला बसले आहे. :)

नात इथल्या बारावीत आहे. तिला 'म्युझिकल थिएटर'ची पदवी घ्यायची आहे. गाणं, अभिनय आणि नाच ही तिन्ही अंगं एकाच नटाने सांभाळायची, असं जे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर चालतं, त्याचं चार वर्षांचं शिक्षण अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत मिळतं. आम्हा सांगलीकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते आमच्याच गावात. नटाला गाता आलं पाहिजे, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. तेव्हा "नाटकाची कसली डिग्री?" असं फोनवर विचारणाऱ्या नातेवाइकांना (वहिनी, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे) एवढंच सांगते की तो वाद या घरात दोन वर्षांपूर्वी होऊन गेला. पोरीला हेच करायचं आहे आणि आईबापांनी ते मान्य केलं आहे. त्याबद्दल मला दोघांचं कौतुक आहे.

माझं भांडण त्याच्या पुढचं आहे. कॉलेज निवडायचं ते कशावरून?

आधी ही प्रवेशाची भानगड काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे नुसत्या मार्कांवर भागत नाही. नेहमीचा अर्ज, निबंध, मार्क हे एकीकडे आणि नाट्यविभागाची चाचणी दुसरीकडे. चाचणीच्या आधी 'प्रीस्क्रीन', म्हणजे घरून व्हिडिओ पाठवायचे. वेगवेगळ्या ढंगांची दोन छोटी गाणी, एक स्वगत, नाचाचा एक तुकडा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या तळघरात, रिकाम्या भिंतीसमोर हे चित्रीकरण चाललं होतं. मी दिवा धरून उभी. एका गाण्याचे एकोणतीस व्हिडिओ काढले. एकोणतिसाव्यात शेजारचा कुत्रा भुंकला. शेवटी नववा पाठवला!

त्यातून निवडलेल्यांना प्रत्यक्ष चाचणीला बोलावतात. जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस इथे बरीच विद्यापीठं एकाच सुमारास आपापले परीक्षक घेऊन येतात. याला 'युनिफाइड ऑडिशन' म्हणतात. न्यूयॉर्कला मीही गेले होते. मॅनहॅटनमधल्या एका इमारतीत मजल्यांमागून मजले नुसत्या तालमीच्या खोल्या. बाहेर भिंतीला टेकून बसलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं, मांडीवर नोटेशनची फाईल. कुणी डोळे मिटून गुणगुणतंय, कुणी पाय ताणतंय. एक मुलगी जिन्यात रडत होती आणि तिची आई तिला केळं खा म्हणून विनवत होती. आत गेलं की पियानोवाल्याला लय सांगायची आणि गाण्याचे सोळा नाहीतर बत्तीस 'बार' म्हणायचे. बार म्हणजे ढोबळमानाने आपलं छोटंसं आवर्तन समजा. दहा वर्षं शिकलेलं गाणं मिनिट-दीड मिनिटात संपतं.

एकेका वर्गात पंधरा-वीस जागा, आणि नावाजलेल्या ठिकाणी अर्ज हजारावर. म्हणून पोरं दहा-दहा, वीस-वीस ठिकाणी अर्ज करतात. नातीने चौदा केले. मार्चअखेर सगळे निकाल आले. अकरा नकार, एक प्रतीक्षायादी, दोन होकार.

दोन होकारांपैकी एक खूप मोठं नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही, कारण माझा राग त्या एका संस्थेवर नाही. दुसरं आहे घरापासून तासाभरावरचं सरकारी विद्यापीठ. त्याचं नाव मराठी मंडळात घेतलं तर लोक "अरे वा, जवळच आहे" असं म्हणतात. मोठं नाव सांगितलं की "अरे वा!" एवढंच म्हणतात. फरक तुमच्या लक्षात आला असेल.

१ मेपर्यंत कळवायचं आहे. चिरंजीव म्हणतात, मोठं नाव. सूनबाई गप्प आहेत. नात म्हणते, "आय डोन्ट नो, आजी." आणि मी म्हणते, दुसरं. का, ते सांगते.

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. गावात एक नामांकित शाळा होती आणि एक आमची. नामांकित शाळेत पाचवीला परीक्षा घेऊन मुलं निवडत. डॉक्टर-वकिलांची, घरात पुस्तकं असणारी मुलं. दहावीला ती 'बोर्डात' यायची, पेपरात फोटो, पेढे. आमच्या शाळेत जो येईल तो आमचा. आठवीत जोडाक्षरं न वाचता येणारा मुलगा दहावीला पंचावन्न टक्क्यांनी पास झाला, तर त्याच्या मागे आमच्या बाईंची किती संध्याकाळची रक्ताची आटणी असे ते आम्हालाच माहीत. त्याचा फोटो कुठल्या पेपरात येणार? तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले. निवडून घेणं हे एक काम आणि शिकवणं हे दुसरं काम. पहिलं चांगलं जमलं की दुसरं जमल्यासारखं दिसतं.

म्युझिकल थिएटरच्या नामवंत कॉलेजांचं अगदी हेच आहे. हजार पोरांतून वीस घ्यायची, तीही सहाव्या-सातव्या वर्षापासून नाचाच्या आणि गाण्याच्या खाजगी शिकवण्या घेतलेली. चार वर्षांनी त्यातली दोघं-तिघं ब्रॉडवेवर दिसली की त्यांचे फोटो दिवाणखान्यासारख्या त्या दालनात लावायचे. मग आईबाप ते फोटो बघून भारावतात. मला एकच विचारायचं आहे. यातलं चाळणीचं श्रेय किती आणि चुलीचं किती?

आमच्या चिरंजीवांकडे एक यादी आहे. 'प्लेबिल' हे इथलं नाटकाच्या जगातलं जुनं मासिक. ब्रॉडवेवर कुठल्या कॉलेजचे किती माजी विद्यार्थी काम करताहेत, याच्या याद्या ते छापत आलं आहे. चिरंजीवांनी ती छापून फ्रिजवर लावली आहे. मी म्हटलं, बाबा रे, तू इंजिनिअर ना? यात अंश आहे, छेद कुठे आहे? ज्या कॉलेजातून वर्षाला शेकडो मुलं बाहेर पडतात आणि ज्यातून बारा पडतात, त्यांचे आकडे एकाखाली एक कसे लिहितोस? पाचवीच्या पोराने असा अपूर्णांक लिहिला असता तर मी वहीवर लाल गोळा काढला असता.

बरं, नावावाचून अडतंच म्हणावं तर तसंही दिसत नाही. ऑड्रा मॅकडोनाल्ड ही अभिनयाची सहा टोनी पारितोषिकं मिळवलेली बाई. ती ज्युलियार्डला शिकली हे खरं, पण तिथे तिने शास्त्रीय पाश्चात्त्य गाणं शिकलं, म्युझिकल थिएटर नव्हे. 'हॅमिल्टन'वाला लिन-मॅन्युएल मिरांडा वेस्लियन नावाच्या कॉलेजात होता. तिथे नटांचा कारखाना नाही, सगळे विषय शिकवणारं साधं कॉलेज ते. त्याने 'इन द हाइट्स'चा पहिला खर्डा तिथेच, विद्यार्थी असताना लिहिला. सटन फॉस्टर कार्नेगी मेलनमध्ये होती, हे त्या कॉलेजचे लोक सांगतात, पण ती वर्षभरच राहिली आणि निघून गेली. आता उलट उदाहरणंही आहेत, मी लपवत नाही. 'डिअर इव्हान हॅन्सन'ची गाणी करणारी पासेक आणि पॉल ही जोडगोळी मिशिगन विद्यापीठाच्या म्युझिकल थिएटरच्या वर्गातच एकमेकांना भेटली. पण त्यांच्या गोष्टीतही कामाला आलं ते काय? बरोबरीचा एक सोबती आणि हाताशी मिळालेला वेळ.

आपल्याकडे बघा. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. किर्लोस्कर मंडळीचं नाव मोठं होतं यात वाद नाही. पण नारायणाचा बालगंधर्व झाला तो नावाने नव्हे. तिथे तालीम द्यायला आमच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवळ होते, आणि गाण्याला भास्करबुवा बखले लाभले. एक एक वाक्य, एक एक जागा घासून घेणारी माणसं. ती माणसं नसती तर नुसत्या पाटीने काय झालं असतं?

म्हणून माझं म्हणणं असं, की कॉलेज बघायला गेलं की पाटी बघू नये, मास्तर बघावा.

आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. मोठ्या नावाच्या ठिकाणी एका हसऱ्या मुलीने आम्हाला दीड तास फिरवलं. नवं थिएटर, नव्या खोल्या, ती फोटोंची भिंत. मी विचारलं, "हिला गाणं कोण शिकवणार?" (मुलाने भाषांतर करायला नाखुशी दाखवली, म्हणून मीच माझ्या इंग्रजीत विचारलं.) उत्तर मिळालं, "ते बदलत असतं." पहिल्या वर्षाच्या एका मुलाशी बाहेर नात बोलली. तो म्हणाला, पहिलं वर्षभर रंगमंचावर उभं राहायचं नाही असा नियम आहे, आणि पुढेही मोठी कामं बहुतेक वरच्या वर्गांना मिळतात. नियमामागे काही विचार असेलही. पण वर्षाचे सत्तर हजार डॉलर देऊन पहिल्या वर्षी प्रेक्षकांत बसायचं, हे माझ्या पचनी पडलं नाही.

सरकारी विद्यापीठात फोटोंची भिंत नव्हती. इमारत जुनी, रेडिएटर खडखडत होता. तिथे आम्हाला एका वर्गात मागे बसू दिलं. साठीच्या एक बाई शिकवत होत्या. एक उंच मुलगा गात होता. पहिल्या ओळीतच बाईंनी थांबवलं. पुन्हा. पुन्हा थांबवलं. "तू हे कुणाला सांगतो आहेस?" असं विचारलं. तो म्हणाला, "आईला." "मग आई कुठे उभी आहे?" त्याने खिडकीकडे बघितलं आणि पुन्हा तीच ओळ म्हटली. अर्ध्या तासात गाणं पुढे सरकलंच नाही, पण ओळ अशी काही उभी राहिली की मला इंग्रजी शब्द निम्मेच कळूनसुद्धा गळ्याशी आलं. बाहेर पडल्यावर चिरंजीव म्हणाले, "एकच ओळ शिकवली!" मी म्हटलं, "हो ना!"

आता पैशाचं. हे लिहायला संकोच वाटतो, पण नातेवाइकांपासून काय लपवायचं. मोठ्या नावाच्या ठिकाणी शिष्यवृत्ती वजा जाता राहण्या-जेवणासकट वर्षाला साधारण ७०,००० डॉलर, चार वर्षांचे २,८०,०००. सरकारी ठिकाणी शिष्यवृत्ती धरून वर्षाला २५,०००, चार वर्षांचा एक लाख. पोरीच्या जन्मापासून दोघांनी साठवलेले आहेत लाखभर. म्हणजे एकीकडे कर्ज शून्य, दुसरीकडे १,८०,०००.

हे कर्ज मिळतं कसं तेही समजून घेतलं. सरकारी कर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर चार वर्षांत मिळून २७,००० पर्यंतच मिळतं. आईबापांच्या नावावर जे सरकारी कर्ज पूर्वी लागेल तेवढं मिळे, त्यावर २०२५ च्या कायद्याने मर्यादा आली: १ जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. दोन्ही मिळून झाले ९२,०००. उरलेले ८८,००० खाजगी बँकेकडून, बाप जामीन राहून. सरासरी आठ टक्के व्याज धरा आणि दहा वर्षांत फेडायचं म्हणा, तर शिकतानाच्या काळातलं व्याज सोडूनसुद्धा महिन्याला २,१८० डॉलरच्या आसपास हप्ता बसतो. मी वहीत मांडून बघितलं, मग नातीकडून कॅल्क्युलेटरवर तपासून घेतलं.

यावर चिरंजीव म्हणतात, "आई, इंजिनिअरिंगलाही लोक कर्ज काढतातच." अरे, पण इंजिनिअरला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो! इथे नटांची 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' नावाची युनियन आहे. तिच्या सभासदांतसुद्धा कुठल्याही एका आठवड्यात बघितलं तर रंगभूमीवर काम असलेले थोडे आणि नसलेले जास्त. नवीन पोरं हॉटेलात वाढपी होतात, लहान मुलं सांभाळतात, शिकवण्या घेतात, कारण ऑडिशन आठवड्याच्या मधल्या वारी, भर दिवसा असतात. त्यासाठी वेळ मोकळा ठेवावा लागतो. डोक्यावर दोन हजारांचा हप्ता असला की पूर्णवेळ नोकरी धरावी लागते, आणि पूर्णवेळ नोकरी धरली की ऑडिशन सुटतात. म्हणजे ज्या धंद्यात जाण्यासाठी कर्ज काढलं, त्याच धंद्याच्या दारात ते कर्ज आडवं झोपणार. कमी पगाराचा दौरा, लहान गावातलं छोटं थिएटर, जिथे नट खरा तयार होतो, ते तिला परवडणारच नाही. मोठ्या नावाची ही खरी किंमत.

आणि नाव आहे म्हणून संस्था टिकेल, या भ्रमातही राहू नका. फिलाडेल्फियात 'युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स' होती. जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा, तिथेही म्युझिकल थिएटर शिकवत. ३१ मे २०२४ ला बातमी आली आणि ७ जूनला विद्यापीठ बंद! एक आठवडा. अर्धवट शिकलेली मुलं, नुकताच प्रवेश घेतलेली मुलं, शिक्षक, सगळे रस्त्यावर. इथून दीड-दोन तासांवरचं गाव ते. पण कॉलेज निवडताना "तुमची आर्थिक स्थिती कशी आहे?" असं विचारणारा एकही पालक मी त्या फेऱ्यांत बघितला नाही. "तुमचं कोण कोण ब्रॉडवेवर आहे?" हे मात्र सगळे विचारत होते.

चिरंजीवांची बाजूही मांडते, नाहीतर ते म्हणतील आईने एकतर्फी लिहिलं. ते म्हणतात, शेवटच्या वर्षी कॉलेजं न्यूयॉर्कमध्ये 'शोकेस' करतात, म्हणजे पोरांचे छोटे छोटे प्रवेश एजंटांना दाखवतात. मोठ्या नावाच्या शोकेसला मोठे एजंट येतात. माजी विद्यार्थ्यांची ओळख कामाला येते. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण एजंट दार उघडून देतो. आत गेल्यावर गायचं पोरीलाच आहे. आणि दुसरं विद्यापीठही न्यूयॉर्कपासून इतकं जवळ आहे की ती वर्षभर तिकडची नाटकं बघू शकेल, ओळखी करू शकेल.

हा वाद गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर चढला. तेव्हा चिरंजीव एक वाक्य बोलले, ज्यासाठी खरं तर हा सगळा लेख लिहिते आहे. ते म्हणाले, "आई, नाव आयुष्यभर पुरतं, हे मला तूच सांगितलं होतंस."

मी गप्प बसले. कारण मीच सांगितलं होतं.

१९९१ साली तो दहावी झाला, चांगल्या मार्कांनी. सांगलीतल्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक सर होते, त्यांनी स्वतः घरी येऊन सांगितलं होतं, याला माझ्याकडे राहू द्या. मी ऐकलं नाही. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवताना मला जे कळत होतं ते स्वतःच्या पोराच्या वेळी कळलं नाही. पुण्याच्या एका बड्या कॉलेजात अकरावीला घातला. पाहुण्यांत सांगायला बरं वाटत होतं, दुसरं काय! मराठी माध्यमातला मुलगा, वर्गात एकशेवीस पोरं, सगळं इंग्रजीत. दोन वर्षांत तिथल्या एकाही शिक्षकाला त्याचं नाव माहीत झालं नाही. आठव्या वर्षापासून गावभागातल्या बुवांकडे तबला शिकत होता, तो सुटला. ती जोडी आमच्या सांगलीच्या घरी कपाटावर आहे, मी दर दसऱ्याला पुसते. बारावीला मार्क कमी पडले, आणि शेवटी कुणी नाव न ऐकलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. मी चार महिने शेजाऱ्यांना सांगितलं नव्हतं, इतकी लाज वाटत होती मला.

पण बाळा, मी तुला इथेच विचारते, सगळ्यांसमोर. तुझ्या मुलीला, तुझ्या मित्रांना तू कॉलेजच्या गोष्टी सांगतोस त्या कुठल्या? पुण्याची एक तरी सांगतोस? सगळ्या त्या आडगावच्या कॉलेजच्या. रात्री दहापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवणाऱ्या सरांच्या. तुझा पहिला प्रोजेक्ट तीनदा परत पाठवणाऱ्या. ते गेले तेव्हा तू इथून फोनवर रडला होतास. तुला नावाने काही दिलं नाही रे. दिलं त्या माणसाने. मी तेव्हा चुकले, हे आज छापील लिहून देते. पण माझी चूक तू तुझ्या पोरीवर पुढे चालवू नकोस.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं पोर असेल (आणि इथल्या मराठी घरांत आता अशी पोरं बरीच दिसतात), तर मला सुचलेले प्रश्न लिहून ठेवते. कॉलेजवाल्यांना हे विचारा:

१. गाण्याची एकट्याची शिकवणी आठवड्याला किती मिनिटं, किती सत्रं, आणि शिकवणार कोण? त्या व्यक्तीला भेटता येईल का?

२. पहिल्या वर्षी रंगमंचावर उभं राहायला मिळेल का? वरच्या वर्गांतल्यांमधून खालच्यांच्या वाट्याला किती कामं येतात?

३. नाचात कच्च्या आणि पक्क्या मुलांचे वर्ग वेगळे आहेत का? सगळ्यांना एकत्र घातलं तर कच्चा रडतो आणि पक्का कंटाळतो.

४. मध्येच मुलं गाळता का? पूर्वी काही नाट्यशाळा दुसऱ्या वर्षाअखेर काही मुलांना काढून टाकत. आता ही पद्धत बरीच कमी झाली आहे, तरी विचारा.

५. पदवी बीएफए आहे की बीए? बीएफएमध्ये साधारण दोन-तृतीयांश अभ्यास कलेचाच, बीएमध्ये इतर विषयांना बरीच जागा. पोराला इतिहास, मानसशास्त्र असं काही आवडत असेल तर बीए कमी दर्जाची समजू नका.

६. दहा वर्षांपूर्वीच्या संपूर्ण वर्गाचं आज काय चाललं आहे? संपूर्ण वर्गाचं हं, फोटोतल्या दोघांचं नव्हे.

७. आणि शेवटचा, घरातल्या घरात विचारायचा: हे नाव आपल्याला पोरासाठी हवंय की पाहुण्यांत सांगायला?

नातीचा कल कुठे आहे हे ती सांगत नाही. पण परवा भांडी लावताना म्हणाली, "आजी, यू नो, त्या मोठ्या कॉलेजच्या ऑडिशनला मी गायले, ते 'थँक यू' म्हणाले आणि संपलं. दुसरीकडे त्या बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, हेच गाणं आता असं म्हण, की तुला हे बोलायचंच नाहीये पण तोंडातून निघून गेलं. मी परत म्हटलं. आणि आजी, ते खूप वेगळं झालं." मी विचारलं, मग? ती म्हणाली, "मग काही नाही. पण घरी आल्यापासून मी ते तसंच म्हणते."

चार मिनिटांच्या चाचणीत जी बाई शिकवून गेली, ती चार वर्षांत काय करेल! मला याहून मोठा पुरावा नको. पण निर्णय माझा नाही. तो नातीचा आहे, आणि कर्जाच्या कागदावरची सही तिच्या बापाची.

माझं परतीचं तिकीट २६ एप्रिलचं आहे. १ मेला मी सांगलीत असेन आणि फोनची वाट बघत असेन. तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल आणि तुम्ही नाव निवडलं असेल, तरी कळवा. माझं चुकत असेल तर सांगा. वहिनी, तुम्ही फोनच करा. :)

ता.क. हे लिहून झाल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर फ्रिजवरची ती 'प्लेबिल'ची यादी कुणीतरी काढून ठेवलेली दिसली. कुणी काढली ते विचारलं नाही.